वीस सेकंदांत तपासलेला संगणक

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीपासून थोड्याच अंतरावर आमचे एक शिक्षक मित्र राहतात. माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. एका शनिवारी रात्री उशिरा त्यांचा फोन आला. "घरच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय. अठराशेच्या वर निघालेत म्हणतो. काढायला अडीच हजार रुपये मागतोय. भरू का?"

आम्ही विचारले, "कोण मागतोय?"

सर क्षणभर थांबले. म्हणाले, "कॉम्प्युटरच मागतोय."

काही भरू नका, कुठला नंबर दिसत असेल तर त्यावर फोन करू नका, इंटरनेट तेवढे बंद करून ठेवा, असे सांगून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो. संगणक सात-आठ वर्षांचा, टेबलावरचा. त्यात काय काय होते ते सरांनी चहा घेता घेता सांगितले आणि त्यांच्या रात्रीच्या घाबरण्याचे कारण कळले. ते नववीचे वर्गशिक्षक. शाळेतल्या संगणकावर एकाच वेळी चौघांना काम असते, म्हणून यू-डायसची माहिती ते घरीच भरतात. वर्गातल्या सगळ्या मुलामुलींची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल नंबर अशी एक फाइल स्क्रीनवर समोरच ठेवलेली होती. बँकेचे व्यवहार याच यंत्रावरून. थोरल्या मुलीच्या लग्नाचे फोटोही यातच, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. असे सगळे असताना कोणी अडीच हजारांत अभय देऊ लागला, तर माणूस भरून मोकळा होतो.

खरे तर त्या संगणकात व्हायरस नव्हता. होता तो व्हायरस शोधण्याचे सोंग करणारा एक प्रोग्रॅम. अशा सॉफ्टवेअरला बनावट अँटिव्हायरस म्हणतात. ते आधी आजार जाहीर करते आणि मग औषध विकते. घरावर करणी झाली आहे असे सांगणारा आणि त्यावरचा उतारा विकणारा माणूस एकच असतो, तसला हा प्रकार. सातारा-सांगलीकडच्या ज्या शिक्षकांनी शाळाशाळांतून चमत्कारांमागचे विज्ञान दाखवण्याचे प्रयोग केले आहेत, त्यांना यातली हातचलाखी लगेच ओळखू येईल.

ती ओळखायची कशी हे आधी पाहू या. काढून टाकण्याचे काम त्यामानाने सोपे असते.

सरांचा मुलगा अकरावीत आहे. त्याने आम्हांला आदल्या संध्याकाळी काय घडले ते पुन्हा करून दाखवले. जुन्या प्रश्नपत्रिका शोधताना तो एका पानावर गेला होता. "तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी 'अलाउ' दाबा," असे तिथे इंग्रजीत लिहिलेले होते. त्याने ते दाबले. तेव्हापासून स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात लाल ढालीच्या सूचना येऊ लागल्या. त्यातली एक दाबल्यावर पूर्ण स्क्रीनभर एक खिडकी उघडली, फाइलींची नावे भराभर सरकू लागली, टक्केवारीची पट्टी शून्यापासून शंभरापर्यंत गेली आणि धोक्याची घंटा वाजली. या सगळ्याला लागले सुमारे वीस सेकंद.

आम्ही सरांना म्हणालो, तुम्ही गणिताचे शिक्षक, आता हिशेब तुम्हीच करा. तुमच्या हार्ड डिस्कवर सुमारे २०० गिगाबाइट मजकूर आहे. फिरत्या तबकडीची अशी डिस्क सरळ रेषेत वाचत गेली तरी सेकंदाला साधारण १०० मेगाबाइट वाचते. २,००,००० भागिले १००, म्हणजे २,००० सेकंद. तेहतीस मिनिटे झाली. पण फाइली अशा ओळीने मांडलेल्या नसतात. प्रत्येक वेळी वाचणारे टोक नव्या जागी न्यावे लागते आणि तबकडीचा हवा तो भाग त्याच्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. या दोन्हीला मिळून सरासरी एक शतांश सेकंद तरी जातो. फाइली तीन लाख धरल्या, तर नुसत्या या जाण्यायेण्यालाच ३,००० सेकंद, म्हणजे पन्नास मिनिटे लागतील. वीस सेकंदांत ही डिस्क फार तर २ गिगाबाइट वाचू शकेल, शंभरातला एक भाग. मग उरलेले नव्व्याण्णव भाग न वाचता अठराशे व्हायरस मोजले कोणी?

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. खऱ्या अँटिव्हायरसमध्येही झटपट तपासणीची सोय असते. त्यात स्मृतीत चालू असलेले प्रोग्रॅम आणि संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या फाइली एवढेच पाहिले जाते. तेव्हा लवकर संपले म्हणजे खोटेच, असे सूत्र करू नये. मात्र 'तुमची संपूर्ण डिस्क तपासली' असा दावा असेल तर हा हिशेब लागू पडतो.

हिशेबावर विश्वास बसत नसेल तर डोळ्यांनी पाहण्याचीही सोय आहे. जुन्या पद्धतीच्या संगणकाच्या डब्यावर एक बारीक दिवा असतो. डिस्क वाचली जात असली की तो लुकलुकतो. स्क्रीनवर फाइलींची नावे धो-धो वाहत असताना हा दिवा जवळजवळ शांत होता. मुलाने ते पाहिले आणि तो हसायलाच लागला. ज्यांच्या संगणकाला असा दिवा नाही, त्यांनी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात डिस्कच्या कामाचा आलेख दिसतो. तोही आडवाच होता.

कारण उघड आहे. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानाला आपली डिस्क वाचताच येत नाही. ब्राउझर प्रत्येक पानाला कुंपणात ठेवून चालवतो. आपण स्वतः एखादी फाइल निवडून दिल्याशिवाय त्या पानाला कुंपणाबाहेरचे काही दिसत नाही. म्हणजे ती सरकणारी नावे आणि ती टक्केवारी हे एक तयार चलच्चित्र होते. २००९ च्या सुमारास हे प्रकार भरात असताना मॅक किंवा लिनक्स वापरणाऱ्यांनाही विंडोजच्या 'माय कॉम्प्युटर'चे चित्र आणि त्यातली 'सी' ड्राइव्ह दिसे. त्यांच्या यंत्रात 'सी' ड्राइव्ह नावाची वस्तूच नसते.

पानाला काही गोष्टी मात्र खरोखर कळतात. आपला ब्राउझर कोणता, स्क्रीन केवढी, आणि इंटरनेटच्या पत्त्यावरून अंदाजे गाव. हे खरे तपशील तो मोठ्या अक्षरांत दाखवतो, म्हणजे पुढचे खोटेही खरे वाटते. आमच्या समोरच्या पानाने 'ठिकाण : पुणे' असे लिहिले होते. मुलगा म्हणाला, "पण आपण तर कुपवाडला आहोत." बरोबर होते. जोडणी देणाऱ्या कंपनीचा पत्ता पुण्याकडे नोंदलेला असावा. पानाची माहिती तेवढीच.

पानापाठोपाठ त्याने एक 'क्लीनर'ही उतरवून घेतला होता. अठराशेचा आकडा आणि अडीच हजारांची मागणी त्याची. हा मात्र संगणकात खरोखर बसलेला प्रोग्रॅम होता, त्यामुळे कुंपणाचे उत्तर त्याला लागू नव्हते. त्याच्यासाठी आम्ही दुसरा प्रयोग केला, आणि शिक्षकांना तो विशेष आवडेल असे वाटते.

प्रयोगशाळेत एखादे द्रावण तपासण्याआधी ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे असा नमुना आपण घालून पाहतो. लिटमसचा कागद लिंबाच्या रसातही लाल होत नसेल, तर तो कागदच निकामी. अँटिव्हायरससाठीही असा ठरलेला नमुना उपलब्ध आहे. ईकार ही युरोपातली अँटिव्हायरस संशोधकांची संस्था. तिने ६८ अक्षरांची एक ओळ सगळ्यांसाठी प्रसिद्ध केली आहे. ती पूर्णपणे निरुपद्रवी आहे. डॉसच्या काळात चालवली तर आपण चाचणीची फाइल आहोत एवढेच ती स्क्रीनवर लिहीत असे. पण ही ओळ फाइलमध्ये दिसली की व्हायरस सापडल्यासारखे वागायचे, असे प्रामाणिक अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी मान्य केलेले आहे. आम्ही ती ओळ नोटपॅडमध्ये उतरवली आणि फाइल जतन केली. क्लीनरने पुन्हा एकदा आपली मोजणी केली, शेकड्यांनी दोष दाखवले, त्यात ही फाइल नव्हती. इतक्यात कोपऱ्यात विंडोजची स्वतःची एक साधी निळसर सूचना आली आणि आमची फाइल जागेवरून नाहीशी झाली.

"म्हणजे यात आधीपासूनच अँटिव्हायरस होता?" मुलाने विचारले.

होता. २०१२ च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजबरोबरच द्यायला सुरुवात केली. तो घंटा वाजवत नाही, रोज उठून कौतुक मागत नाही, म्हणून तो आहे हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. मग त्याने या क्लीनरला का अडवले नाही? कारण मुलाने स्वतः 'होय, होय, पुढे' असे दाबत त्याला घरात घेतले होते. असे प्रोग्रॅम फाइली नासत नाहीत, नुसते घाबरवतात, म्हणून व्हायरसच्या व्याख्येत ते काठावर बसतात. अशा नको असलेल्या प्रोग्रॅमना अडवण्याची वेगळी कळ विंडोज सिक्युरिटीमध्ये असते. या संगणकात ती बंद होती. आपल्याकडे चालू आहे ना, हे पाहून घ्यावे. ईकारचा प्रयोग शाळेत करायचा असेल तर तो स्वतःच्या किंवा प्रयोगशाळेतल्या यंत्रावर करावा. परीक्षेच्या किंवा कार्यालयाच्या संगणकावर करून उगाच धावपळ उडवू नये.

खरा अँटिव्हायरस कसा जन्मतो याचे एक उदाहरण आपल्याच भागाशी जोडलेले आहे. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले. दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात ते कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. धाकटे भाऊ संजय यांना त्यांनी संगणकाचे शिक्षण घ्यायला लावले. दुकानात दुरुस्तीला येणारे कित्येक संगणक व्हायरसने बिघडलेले असत. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरणारे ते व्हायरस काढण्यासाठी संजय प्रोग्रॅम लिहू लागले. त्यातूनच १९९५ मध्ये डॉससाठी 'क्विक हील' तयार झाले. २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. यातला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी बिघडलेले यंत्र समोर होते, मग त्यातला नेमका व्हायरस सापडला, मग त्यावर उपाय लिहिला गेला. एखाद्या व्हायरसची ओळख पटवणारा त्याच्या आज्ञांचा तुकडा म्हणजे जणू त्याच्या अंगठ्याचा ठसा. असे ठसे जमवणे आणि रोज नवे भरत राहणे, हे या धंद्यातले खरे कष्टाचे काम.

बनावट अँटिव्हायरसवाल्यांनी हे कष्टच वगळले. विनफिक्सर, विनअँटिव्हायरस, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटिव्हायरस ही नावे काही वाचकांना आठवत असतील. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ही सगळी विकणाऱ्या टोळीवर न्यायालयात दावा लावला. दहा लाखांहून अधिक ग्राहकांनी तिची उत्पादने विकत घेतल्याचा आरोप होता. २०१२ मध्ये न्यायालयाने त्यातल्या एका प्रतिवादीवर १६ कोटी ३० लाख डॉलरचा बोजा ठेवला. २०११ मध्ये सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा तीन धंद्यांच्या संगणकांवरच्या नोंदी अभ्यासल्या. तिघांची मिळून कमाई १३ कोटी डॉलरच्या वर गेली होती. त्याहून मजेदार गोष्ट अशी, की हे ठग मागणाऱ्यांना कधीकधी पैसे परतही करत. तक्रारी फार वाढल्या तर कार्डाच्या कंपन्या व्यवहार बंद करतील, म्हणून तेवढ्यापुरता हा सज्जनपणा.

पण आम्हांला याहून बोलकी वाटते ती २०१९ ची हकिगत. ऑफिस डेपो ही अमेरिकेतली कार्यालयीन सामानाची मोठी दुकानसाखळी. तिथे ग्राहकांचे संगणक मोफत तपासून देत. तपासणीआधी चार साधे प्रश्न असत : संगणक मंद झाला आहे का, अधूनमधून बंद पडतो का, अशा धर्तीचे. त्यातल्या एकाही प्रश्नापुढे खूण केली, की तपासणीत काहीही आढळो, निकालात व्हायरसची लक्षणे हमखास दिसत. निकाल प्रश्नांच्या खुणांवर ठरत होता, डिस्क वाचून नव्हे. मार्च २०१९ मध्ये ऑफिस डेपोने अडीच कोटी आणि त्यांना हे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली. विद्यार्थी आधी निष्कर्ष लिहून मग निरीक्षणांचा तक्ता भरतात, तेव्हा आपण त्यांना रागावतो. हे त्याचेच मोठ्यांचे रूप.

गेल्या काही वर्षांत सोंगाला फोनची जोड मिळाली आहे. स्क्रीनवर मायक्रोसॉफ्टचे नाव आणि एक नंबर दिसतो. फोन केला की पलीकडचा गोड बोलणारा माणूस आपल्या संगणकाचा ताबा मागतो. हे बोलणारे पुष्कळदा आपल्याच देशातले असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' या नावाने देशभरात ७६ ठिकाणी छापे घातले. त्यातली दोन प्रकरणे मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून, तांत्रिक मदतीच्या नावाने परदेशी नागरिकांना लुबाडणाऱ्या केंद्रांची होती.

आता सरांच्या संगणकाकडे वळू.

पहिला थर कोपऱ्यातल्या सूचनांचा. हा थर आजकाल सर्वांत जास्त आढळतो, आणि यात संगणकात काहीच बसलेले नसते. आपण एका संकेतस्थळाला सूचना पाठवायची परवानगी दिलेली असते एवढेच. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या भागात साइट सेटिंग्ज असतात, त्यात नोटिफिकेशन्स. परवानगी मिळालेल्या स्थळांची यादी तिथे दिसते. सरांकडे अकरा नावे होती. ओळखीचे एक वर्तमानपत्र सोडून बाकी सगळी काढली. अनेक घरांत इथेच काम संपते. पूर्ण स्क्रीन व्यापणारी खिडकी हटत नसेल, तर एस्केपची कळ काही क्षण दाबून धरावी. तरीही हटली नाही तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करावा. पुन्हा उघडताना 'आधीची पाने परत आणू का' असे विचारले, तर नाही म्हणावे. एवढे विसरले की तेच पान पुन्हा दारात उभे राहते.

दुसरा थर त्या क्लीनरचा. विंडोज चालू असताना असा प्रोग्रॅम काढायला गेले की तो मध्येमध्ये तोंड घालतो. म्हणून यंत्र सेफ मोडमध्ये सुरू केले. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट केले की निळ्या स्क्रीनवर पर्याय येतात. ट्रबलशूट, पुढचे पर्याय, स्टार्टअप सेटिंग्ज या वाटेने जाऊन चार ही कळ दाबायची. सेफ मोडमध्ये विंडोज स्वतःला अगदी आवश्यक तेवढेच भाग जागे करते. बाकीचे सोबती, आणि त्यांच्यात लपलेला आपला पाहुणा, झोपलेले राहतात. झोपलेल्याला उचलून बाहेर ठेवणे सोपे.

सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावली. ही युक्ती फार उपयोगी पडते, कारण अशा मंडळींना एकट्याने येण्याची सवय नसते. शनिवार संध्याकाळच्या तारखेला तीन नावे होती : क्लीनर, 'ड्रायव्हर' अद्ययावत करून देणारा कोणी, आणि खरेदीत सवलत शोधणारा कोणी. तिघांनाही काढले. काही प्रोग्रॅम सेफ मोडमध्ये निघत नाहीत, कारण त्यांना काढणारी सोयच तिथे झोपलेली असते. दुसरा तसाच निघाला नाही. त्याला नंतर नेहमीच्या विंडोजमध्ये येऊन, इंटरनेट बंद ठेवून काढावे लागले. जाताना त्याने 'आपण धोका पत्करत आहात' अशी तीनदा विनवणी केली.

मग मागे ठेवलेली पिल्ले शोधली. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात एक नोंद होती, ती बंद केली. टास्क शेड्युलर ही ठरल्या वेळी कामे करून घेणारी विंडोजची घड्याळ-व्यवस्था. तिथे रोज सकाळी क्लीनरला उठवण्याची एक नोंद सापडली. ती राहिली असती तर काढलेला प्रोग्रॅम पुन्हा उतरवला गेला असता की नुसती चूक दाखवली गेली असती, हे तपासत बसलो नाही, नोंद खोडली. ब्राउझरची विस्तारके पाहिली, त्यातले एक अनोळखी होते. प्रॉक्सीच्या सेटिंग्जमध्ये कोणी आपला पत्ता घालून ठेवला नाही ना, हेही पाहिले. जुन्या बनावट अँटिव्हायरसांची ही आवडती खोड होती, त्यामुळे कुठलेही पान उघडले तरी त्यांचेच दुकान दिसे. विंडोज एक्सपीच्या काळात काही जण तर याहून पुढे जात. कुठलाही प्रोग्रॅम सुरू करायला गेले की आधी आपणच सुरू व्हायचे, अशी व्यवस्था ते करून ठेवत. तेव्हा दुरुस्ती करणारे लोक साफसफाईच्या साधनाचे नाव बदलून, शेवटची तीन अक्षरे वेगळी करून, त्याला चोरवाटेने आत नेत.

सर्वांत महत्त्वाची तपासणी शेवटची. संशयित प्रोग्रॅम यंत्रात जागा असताना त्याच यंत्राला 'तुझ्यात कोणी आहे का' असे विचारण्यात अर्थ नसतो. उत्तर देणाऱ्याच्या तोंडावर चोराचा हात असू शकतो. म्हणून विंडोज सिक्युरिटीमध्ये ऑफलाइन स्कॅन हा पर्याय आहे. त्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो, पण नेहमीचे विंडोज उठायच्या आधीच डिफेंडर वेगळ्या छोट्या व्यवस्थेतून डिस्क तपासतो. त्याआधी डिफेंडरच्या अपवादांची यादी उघडून पाहिली. 'या जागा तपासू नको' अशी ती यादी असते, आणि घुसखोर तिच्यात हळूच आपली जागा लिहून ठेवतात. सरांची यादी कोरी होती. स्कॅन सुरू केले. डब्यावरचा दिवा आता एकसारखा लुकलुकत होता. काही सापडले नाही. नंतर नेहमीच्या विंडोजमध्ये संपूर्ण तपासणीही लावली. आम्ही जेवून उठलो तरी ती चालूच होती.

सरांनी कोणाला संगणकाचा ताबा दिला नव्हता आणि कार्डाचा क्रमांकही टाकला नव्हता, म्हणून आम्ही इथे थांबलो. यातले काहीही झाले असते तर सल्ला वेगळा दिला असता. अनोळखी माणूस फोनवरून यंत्रात येऊन गेला असेल, तर त्याने काय ठेवले हे खात्रीने सांगता येत नाही. अशा वेळी इंटरनेट तोडावे, बँकेला लगेच कळवावे, पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत, १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि कागदपत्रे व फोटो बाहेर काढून विंडोज नव्याने बसवावे. बाहेर काढताना फक्त कागदपत्रे आणि फोटो घ्यावेत. प्रोग्रॅम उचलून नेऊ नयेत. पैसे गेले असतील तर पहिल्या काही तासांना फार किंमत आहे. लाज वाटून तक्रार सोमवारवर ढकलणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत.

आणखी एक खड्डा. बनावट अँटिव्हायरसचे नाव टाकून 'हा कसा काढावा' असे इंटरनेटवर शोधले, तर वर येणाऱ्या पानांपैकी बरीच पुन्हा एक क्लीनरच विकत असतात. मार्च २०२४ मध्ये रीस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसमधल्या दोन कंपन्यांनी, विंडोजच्या खोट्या सूचना दाखवून दुरुस्तीची सेवा विकल्याच्या आरोपावरून, अमेरिकेत २ कोटी ६० लाख डॉलर भरून तडजोड केली. तेव्हा डिफेंडरपलीकडे साधन हवेच असेल तर ते माहितीच्या जागेहूनच घ्यावे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत साधने मिळतात, त्यात क्विक हीलचेही आहे. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत अद्यतने बंद झाली. ही बातमी खरी असल्याने आता तिचा आधार घेऊन खोट्या सूचना बनवणे सोपे झाले आहे.

निघण्यापूर्वी सरांनी लग्नाचे फोटो एका पेनड्राइव्हवर घेतले. नववीची यादी पासवर्ड घालून आतल्या फोल्डरमध्ये ठेवली. ती घरी असावीच का, हा प्रश्न त्यांनी मुख्याध्यापकांपुढे मांडायचे ठरवले; शाळेत पाचवा संगणक येईपर्यंत त्याचे उत्तर काय निघेल, हे आम्हांलाही सुचले नाही.

सोमवारी संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन आला. वर्गात त्यांनी गणित घातले होते : दोनशे गिगाबाइटची डिस्क वीस सेकंदांत वाचायची तर वेग किती हवा? सेकंदाला दहा हजार मेगाबाइट, हे उत्तर बहुतेकांनी काढले. इतक्या वेगाची डिस्क नसतेच, असे सर म्हणाले. त्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, असते. नवीन एसएसडी त्याहून जोरात वाचते." सरांनी आम्हांला विचारले, खरे आहे का? खरे होते, बाजारातल्या सर्वांत वेगवान एसएसडींचा वाचनाचा वेग आता दहा हजारांच्या पुढे गेला आहे. सर म्हणाले, "मग उद्या गणितात 'फिरत्या तबकडीची' हे शब्द घालतो."